लाल फडक्यातली सावरी

सावरीचा दिवा विझून सहा वर्षं झाली होती, आणि अख्ख्या सुखदा अपार्टमेंटमध्ये ही गोष्ट फक्त प्रतिभाला ठाऊक होती. निदान प्रतिभाचा तसा समज होता.

सावरी म्हणजे कुणी शेजारीण नव्हे. ती ‘सप्तघाट’ नावाच्या भल्याथोरल्या अद्भुत कादंबरीतली नावाडीण. आपली सावली नदीकडे गहाण ठेवून ती लोकांना एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सोडायची. पहिल्या खंडाच्या शेवटच्या पानावर ती हातात दिवा घेऊन धुक्यात उतरली, वाऱ्याची झुळूक आली, दिवा विझला, आणि लेखकानं खाली ‘प्रथम खंड समाप्त’ असं लिहून टाकलं. ते साल होतं पंच्याण्णव. तेव्हापासून प्रतिभाच्या मनात त्या नदीकाठी अंधार होता. भाकरी थापताना, दळण आणताना, कारंज्याजवळच्या बाजारात भाजीच्या रांगेत उभं असताना मध्येच तिला आठवायचं, की अरे, ती बाई अजून पाण्यातच उभी आहे.

“पुस्तकातल्या बाईसाठी सहा वर्षं जीव टाकतेस,” तिचे यजमान खंडेराव म्हणायचे, “मी चार दिवस दौऱ्यावर गेलो तर विचारत नाहीस, जेवलात का म्हणून.”

“तुम्ही दिवा घेऊन धुक्यात जात नाही. तुम्ही सटाण्याला जाता,” प्रतिभा म्हणायची. यावर खंडेराव पुन्हा पेपरात डोकं घालत. ते जिल्हा कार्यालयात पाटबंधाऱ्याच्या टेबलावर होते, आणि त्या टेबलावर धुकं फक्त फायलींमध्ये असतं.

दोन हजार एक साली, आषाढात, दुसरा खंड आला. सहाशे चौऱ्याऐंशी पानं. नवविहार वाचनालयाच्या काचेच्या कपाटात तो प्रतिभाला दिसला आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली. पिशवीत अंडी होती, पण त्याचं काय एवढं!

“आलंय ताई, पण दाखल झालेलं नाही,” ग्रंथपाल नियाज म्हणाले. नियाजभाई म्हणजे मोठा सोशीक माणूस. बोलायचे असे, की जणू पुस्तकं झोपली आहेत आणि त्यांना जाग येता कामा नये. “दाखल क्रमांक पडला की देतो.”

तो क्रमांक पडायला सात आठवडे लागले. एका आठवड्यात खरेदी समितीची गणसंख्या भरली नाही. पुढच्यात भरली, पण चर्चा सतरंज्यांवर झाली. मग एका सभासदाला पुस्तकात नकाशा सापडला, म्हणून त्यानं ते प्रवासवर्णनात घातलं. प्रतिभानं लेखी अर्ज केला, की सप्तघाट नावाचा प्रदेश पृथ्वीवर नसून तिथे एसटी जात नाही, सबब हे प्रवासवर्णन ठरू नये. अर्जावर शेरा आला : ‘पुरावा जोडावा.’ त्या दिवशी तिनं घरी येऊन पोळ्यांवर राग काढला. कपाटाच्या काचेतून मात्र रोज जाऊन पुस्तक बघून यायची. पाळण्यातलं बाळ बघावं तसं.

श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी नियाजभाईंनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. “आज धरत नाही. उद्याचा रविवारही सोडला. सोमवारपासून सात दिवस. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाचला परत. तुमच्यामागं यादीत एकतीस जण आहेत, ताई. मला पाच मिनिटंसुद्धा वर देता येणार नाहीत.”

“सात दिवस म्हणजे डोंगर झाले!” प्रतिभा म्हणाली. रिक्षात बसल्या बसल्याच तिनं पहिलं वाक्य वाचलं : ‘धुकं नदीवर नव्हतं; नदीच धुक्यावर होती.’ तिच्या अंगावर असा काटा आला, की रिक्षावाल्यानं विचारलं, “ताई, थंडी वाजून येतेय का?”

रविवार उजाडला. प्रतिभा पुस्तक घेऊन बसली, आणि घराला जणू कळलंच. गॅसवाला आला. खंडेरावांचा मोजा हरवला. नामपूरहून नणंदेचा फोन आला; नामपूरच्या वन्सं फोन ठेवायच्या आधी तीन वेळा ‘चल ठेवते’ म्हणत आणि प्रत्येक ‘चल ठेवते’नंतर एक लग्न सांगत. इस्त्रीवाला आला. मोजा सापडला, पण आता दुसरा हरवला. संध्याकाळपर्यंत प्रतिभानं ते पहिलं वाक्य नऊ वेळा वाचलं होतं आणि ती तिसऱ्या पानावर होती. नदी धुक्यावर होती, धुकं होतं तिथंच होतं.

तिला रडूच आलं. माणसानं मागून मागून काय मागितलं होतं? सोनं नाही, नाणं नाही, काश्मीर नाही. आपल्याच घरात, आपल्याच पाटावर, कुणी हाक न मारता बसायचं, एवढंच.

आणि तेवढ्यात जिन्यातून इस्त्रीवाल्याचा दबका आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंच्या दारासमोर तो दूधवाल्याला सांगत होता, “बेल नको दाबू. बाई पोथीला बसल्यात.”

प्रतिभा उठून उभी राहिली. खरंच की! वत्सलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. श्रावणात त्या पोथीला बसल्या की फोन उचलला जात नसे, बेल वाजत नसे, यजमान स्वतःचा चहा स्वतः करून कपही विसळत. पुस्तक घेऊन बसलेली बाई रिकामी असते. पोथी घेऊन बसलेली बाई मात्र कामात असते!

सोमवारी सकाळी तिनं चौरंग मांडला. देव्हाऱ्यासमोर उभी राहून हळूच म्हणाली, “खोटं बोलत नाही रे बाबा. कुणी विचारलं तर खरं सांगेन. फक्त गुंडाळते आहे.” मग पोथ्या बांधतात तसल्या लाल खारव्याच्या फडक्यात ‘सप्तघाट, खंड दुसरा’ गुंडाळला, चौरंगावर उघडा ठेवला, डासांसाठी एक उदबत्ती लावली, आणि बसली.

काय सांगावं तो आनंद! फोन वाजला, खंडेराव आतून धावत आले, चौरंग पाहून थबकले, आणि फोनवर कुजबुजले, “ती पोथीला बसली आहे. हो, आमच्याकडे. हो, आमची प्रतिभाच.” त्यांच्या आवाजात असा काही अभिमान होता, की प्रतिभाचा हात फडक्याच्या टोकाकडे गेला. पण तेवढ्यात सावरीच्या नावेला तळाशी काहीतरी घासलं, आणि तो हात पान उलटायलाच वळला.

सतरा पानं. फक्त सतरा पानं ती सुखानं वाचू शकली. मग दारात सावली पडली. वत्सलाबाई उभ्या होत्या, चष्मा नाकावर, हातात तुळशीची मंजिरी.

प्रतिभा विसरलीच होती, की या गावात पोथी कुणा एकीची नसते. पोथी लागली म्हणजे ऐकणाऱ्या येणार, हे ठरलेलंच. वत्सलाबाई काही न विचारता आल्या, समई लावली, मंजिरी वाहिली, चौरंगावर वाकून जरा वेळ पाहिलं, आणि समोर मांडी घालून बसल्या.

“वाच. मोठ्यानं वाच. मनात वाचलेली पोथी भिंतींना ऐकू जात नाही.”

प्रतिभानं पानाकडे पाहिलं. पुढच्याच ओळीत नऊ मानांचा पक्षी पाण्यातून वर येत होता. हा कुठल्या पोथीत बसवायचा? तिनं घाबरून जरा कमी केला. “आणि मग... पाच मानांचा पक्षी...”

“नऊ,” वत्सलाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

“काय?”

“मानांचा आकडा चुकवू नये. नऊच असतात नेहमी. पुढे.”

केवढा हा अधिकार, प्रतिभाला वाटलं. न वाचलेल्या ग्रंथातसुद्धा बाईंना मानांचा हिशेब कळतो! ती वाचू लागली. वाचता वाचता भीती कुठल्या कुठं गेली. पक्षी नावेवर झेपावला तेव्हा तिचा आवाज चढला, वत्सलाबाईंचा हात आपोआप गुडघ्यावर आवळला, आणि दाराशी कुणीतरी “अगं माझ्या बाई!” म्हणालं.

ती ठमाबाई होती. मखमलाबादच्या मळ्यातून झेंडू-शेवंती घेऊन रोज दारोदार पुड्या टाकणारी. टोपली पायाशी, तोंडाला पदर.

“कोन हाय ती सावरी? तिची सावली कुटं गेली?” तिनं विचारलं.

“नदीकडे गहाण आहे,” वत्सलाबाईच म्हणाल्या. “भाऊ पलीकडच्या घाटावर अडकला होता, त्याला आणायला दिली. बस आता, मध्ये बोलू नये.”

भावाची गोष्ट पहिल्या खंडातली. प्रतिभानं ती इथं वाचून दाखवलीच नव्हती. पण पक्षी अजून हवेत असताना असल्या बारीकसारीक गोष्टी कुणाच्या लक्षात येतात?

त्या दिवसाची बैठक संपली तेव्हा प्रतिभाला वाटलं, आता या गेल्या की आपण पुढचं निवांत वाचू. पण वत्सलाबाईंनी पानावर मोरपीस ठेवलं, फडक्याची टोकं ओढली, आणि अशी काही गाठ मारली, की ती खलाशालाही सुटली नसती. “बैठकीबाहेर पोथी उघडायची नाही. माझी गाठ मी ओळखते हो!” आणि जाता जाता स्वयंपाकघरात डोकावल्या. “सात दिवस कांदा-लसूण बंद.”

खंडेराव मूळचे नामपूरचे. जिथं कांद्याचे ट्रॅक्टर लागतात तिथं जन्मलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

“कांद्याचं काय बिघडतंय?” ते क्षीण आवाजात म्हणाले.

“नियम म्हणजे नियम, भाऊ.”

पुढं जे झालं ते श्रावणातल्या वेलीसारखं वाढत गेलं. मंगळवारी सुरय्या आली. ती वत्सलाबाईंच्या साडीला फॉल लावून द्यायला आली होती, नियाजभाईंची बायको. “मैं इधरच बैठती दारात, तुमचं चालू द्या,” म्हणून उंबऱ्यापाशी टेकली, ती तीन साड्यांचे फॉल संपेपर्यंत. घाटावरचा पूल कोसळला तेव्हा तिची सुई बोटात गेली. “या अल्ला, घोडा बचा क्या?” घोडा वाचला होता. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. बुधवारी वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. गुरुवारी चपला जिन्यापर्यंत गेल्या. कुणी केळी आणली, कुणी पेढे, कुणी “आमच्या बंटीला बारावीत बघा जरा” म्हणून चौरंगाला नमस्कार केला. नमस्कार थेट उघड्या पानावरच्या पाषाणराजाच्या सैन्याला गेला.

शुक्रवारी ठमाबाई खण-नारळ घेऊन हजर.

“सून बाळंत झाली. मोकळी झाली सुखानं. म्या सावरीला बोलले व्हते, बाई, तू येवढ्या पान्यातनं मानसं पल्याड नेतीस, माझी बी येक ने.”

तिनं खण चौरंगावर ठेवला. प्रतिभाला भरून आलं आणि घामही फुटला. खरं सांगायचं, असं तिनं देवाला कबूल केलं होतं. पण कुणी विचारतच नव्हतं!

आणि ठमाबाई गाऊ लागली. जात्यावर गातात तसा सपाट, जुना, दुधासारखा आवाज :

“धुक्याच्या नदीमंदी । नाव कुनाची हालते
सावरी माझी बाई । दिवा पदरी झाकते”

 सहाशे पानं लिहिणाऱ्या लेखकाला जे जमलं नव्हतं ते या बाईनं दोन ओळींत केलं होतं. तिनं सावरीला मखमलाबादेत आणून सोडलं होतं.

पण पानं! इकडं पानं साचत चालली होती. मोठ्यानं वाचायचं, मध्ये ओव्या, मध्ये “जरा परत वाच, कढईवर लक्ष होतं”, शिवाय दर लढाईनंतर चहा. शुक्रवार संपला तेव्हा दोनशे सत्तर पानं उरली होती आणि दिवस दोन. प्रतिभानं गाठीकडे पाहिलं. गाठीनं प्रतिभाकडे पाहिलं. दिवा लागतो की नाही, हे त्या फडक्याच्या आत होतं, हाताच्या अंतरावर, आणि तिला ते कळायची सोय नव्हती.

“दोन बैठका करू,” वत्सलाबाईंनीच शनिवारी जाहीर केलं. “सकाळी आठ आणि दुपारी दोन.” त्यांना स्वतःलाच केवढी घाई झाली होती! सगळ्यांनी पोळ्या पहाटे उरकल्या. एकीनं कुकर सोबतच आणला आणि प्रतिभाच्याच गॅसवर चढवला. शिट्ट्या मोजून बायका पानं मोजू लागल्या. प्रतिभाचा आवाज बसला. कुणी ज्येष्ठमध दिलं, कुणी खडीसाखर. घोगऱ्या आवाजात तिनं पाषाणराजा असा वाचला, की त्याला तो आवाज अगदी शोभला.

रविवार. समाप्ती. खंडेरावांनी कार्यालयातल्या साहेबांनाही बोलावलं होतं, सपत्नीक. शिऱ्याचा घमघमाट, दारावर तोरण, ठमाबाईचा हातभर लांब हार. चाळीस पानं बाकी असताना घड्याळात साडेतीन वाजले.

प्रतिभानं मान वर केली. दारात नियाजभाई उभे होते. काखेत वाचनालयाची वही.

संपलं! आता हा भला माणूस सर्वांसमोर म्हणणार, ताई, कादंबरी द्या. साहेब आहेत, यजमान आहेत, नवस फेडलेली ठमाबाई आहे. प्रतिभानं ओळीवर बोट धरून ठेवलं. नियाजभाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, चपला काढल्या, आणि सुरय्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. बोटानंच खूण केली : चालू द्या. पाचाला अवकाश आहे.

मग प्रतिभा जी सुटली! धुकं चिरत गेली. सहावा घाट जळाला. नवव्या मानेनं सावरीचं नाव घेतलं. सावरी कमरेएवढ्या पाण्यात उभी, हातात तोच विझलेला दिवा, सहा वर्षांचा. साहेबांच्या बाईंनी साहेबांचा हात धरला. खंडेराव शिरा ढवळायचा सोडून झारा घेऊन दारात आले. शेवटचं पान. नदी सावरीला म्हणते, सावली परत हवी तर दिवा दे. सावरी दिवा पाण्यावर सोडते. तो वाहत जातो, वाहत जातो, धुक्यात दिसेनासा होतो. आणि पार पलीकडे, सातव्या घाटावर, कुणाच्यातरी हातानं तो लागतो.

तो हात कुणाचा, ते लेखकानं लिहिलं नव्हतं. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

खोलीभर डोळे पाणावले होते. ठमाबाईला थांबवेना :

“सातव्या गं घाटावरी । दिवा कुनी गं लाविला
माझ्या सावरीनं बाई । हात वाऱ्याला दाविला”

“तिनंच लावला, दुसरं कोन लावनार?” ती डोळे पुसत म्हणाली. तिच्यापुरता तो प्रश्न मिटला.

या सुखात प्रतिभा बेसावध राहिली. वत्सलाबाई पुढं झाल्या. समाप्तीला ग्रंथाला हळदकुंकू वाहायचं, ही रीत. त्यांनी फडकं पूर्ण सोडलं, पुस्तक मिटलं, ओलं कुंकू बोटावर घेतलं, आणि बोट नव्याकोऱ्या मुखपृष्ठावर टेकणार...

“नको!” प्रतिभा किंचाळली. “वाचनालयाचं आहे! डाग पडेल! अजून एकतीस लोकांना वाचायचंय!”

समईची ज्योतसुद्धा दचकली. लाल फडक्यावर सर्वांसमोर ‘सप्तघाट, खंड दुसरा’ उघडं पडलं होतं, चित्रातला नऊ मानांचा पक्षी आ वासून. प्रतिभानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “मी चुकले. ही पोथी नाही. मला फक्त सात दिवस कुणी हाक मारू नये, असं वाटत होतं.”

 मग वत्सलाबाईंनी कुंकवाचं बोट शांतपणे स्वतःच्याच कपाळाला पुसलं.

“नियाजभाई, यादीत माझा नंबर कितवा?”

“चौदावा, बाई,” नियाजभाईंनी वही न उघडताच सांगितलं.

“चौदावा! म्हणजे चौदा आठवडे! सहा वर्षं कळ काढली, आणखी चौदा आठवडे काढायचे होते. आणि सोमवारी वर येऊन बघते तर ही बया माझी सावरी लाल फडक्यात घेऊन बसलेली.” त्या प्रतिभाकडे वळल्या. “पहिल्या ओळीला ओळखलं मी. म्हणून मोठ्यानं वाच म्हटलं.”

“आणि ती गाठ?” प्रतिभाच्या तोंडून कसंबसं आलं.

“तू माझ्याआधी पुढं वाचलं असतंस!”

पहिल्यांदा सुरय्या हसली. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी. त्यांतल्या एकीचा नंबर एकोणिसावा होता. मग साहेबांच्या बाईंनी हळूच विचारलं, “अहो, पहिला खंड कुठं मिळेल?” आणि सगळी खोली हसण्यानं फुटली.

फक्त दोन माणसं हसत नव्हती. एक ठमाबाई. “मंग माझा खण?” ती म्हणाली. प्रतिभा खण परत द्यायला उठली, तर तिनं हात मागे घेतला. “ऱ्हाऊ द्या. देव नसली म्हनून काय झालं? नाव तर तिनंच वल्हवली ना? सून मोकळी झालीच की. तुमीच घ्या तो, तुमचा घसा बसलाय.”

आणि दुसरे खंडेराव, झारा हातात धरून. “वत्सलाबाई,” ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं. मग माझा कांदा का बंद केलात?”

“कांदा चालू असता, तर ही पोथी आहे यावर कुणाचा विश्वास बसला असता का, भाऊ?”

पाचाला पाच मिनिटं कमी असताना नियाजभाईंनी वहीत सही घेतली आणि तिथं बसलेल्यांची सात नावं यादीतून तिथल्या तिथं खोडली. “एकतीसचे चोवीस झाले. समितीला सांगतो, वाचकांची सोय झाली.” उंबऱ्यावर ते थांबले, पिशवीत हात घातला, आणि एक जाडजूड, कोपरे झिजलेलं पुस्तक काढलं. पहिला खंड. “याला कुणी विचारत नाही हल्ली. सुरय्या म्हणाली, ठमाबाईंना आधीचं कळायला हवं. सात दिवस, ताई.”

ठमाबाईनं टोपली खाली ठेवली, ती ठेवलीच.

सोमवारी दुपारी दोनला फोन वाजला. खंडेराव रजेवर होते. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडून नामपूरच्या वन्सं.

“तिला कसं बोलवू, अक्का?” खंडेराव खोलीकडे मान वळवत कुजबुजले. त्यांच्या दुसऱ्या हातात, फोडलेला, कच्चा कांदा होता. “पोथी लागलीय आमच्याकडे. हो, परत. चल ठेवतो, भाऊ पलीकडच्या घाटावर अडकलाय!”